मांडी घालून बसलेली मास्तरीण

११ सप्टेंबर १९९९, नांदेड

आज वर्कशॉपात सर म्हणाले, "शमीमबाई, तुम्ही हजेरी लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय." चौथ्यांदा! तिकडं अठरा-अठरा वर्षांची पोरं कार्बोरेटर उलटा धरून बसलेली, आणि मी हजेरी लिहायची. वही टेबलावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली, पान्हा उचलला. जेट साफ करून जाग्यावर बसवून दिला. पोरं म्हणाली, "आपा, कुठं शिकलात?" अब्बांच्या गॅरेजात, अजून कुठं.

त्या गॅरेजात लहानाची मोठी झाले, पण गॅरेज कागद देत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर व्हायचं तर आरटीओला तीन गोष्टी लागतात. दहावी – आहे. पाच वर्षांचं लायसन – आहे, भूकंपाच्या पुढच्या सालचं. मोटार मेकॅनिकचा सरकारी कागद – नाही. तेवढ्यासाठी एकतिसाव्या वर्षी सहा महिन्यांच्या कोर्सला माहेरी येऊन बसले. लेक सबा लातूरला नवऱ्याजवळ, युसूफजवळ. दर शनिवारी दुपारची एसटी, सोमवारी पहाटे परत.

एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसू नये. वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, गोळा आलाय का पायात?"

१२ सप्टेंबर, लातूर

बापूंच्या ड्रायव्हिंग स्कूलची लेडीज बॅच. रविवारची मी सांभाळते, बाकीचे दिवस बापू. रजिस्टरात मात्र मास्तर म्हणून एकच नाव, बापूंचं. मी म्हणजे 'मदतनीस'.

बायका सगळ्या ट्यूशनवाल्या पोरांच्या आया. पोराला बारावीला लातूरला आणायचं, खोली घ्यायची, डबा करायचा. पोरगं सकाळी क्लासला गेलं की आई चार भिंतींकडं बघत बसते. गाव मागं, नवरा गावात. त्यांना म्हटलं, बसून काय करता, गाडी शिका. आता अकरा जणी आहेत.

नायगावच्या वट्टमवारबाई सगळ्यांत हुशार. घरचं अडतीचं दुकान, दारात गाडी उभी, चालवायला ड्रायव्हर. शेटजींना न सांगता शिकून राहिल्यात. "सांगितलं तर इचारतील, तुला कुठं जायचंय?"

१९ सप्टेंबर, लातूर

आज डोकं फिरलं.

वट्टमवारबाईंचा पंधरावा दिवस. बापू कालच म्हणाले, तयार झाल्या, टेस्टला पाठवा. मी बाजूला बसले, टेस्टसारखं, पाय आखडून. औसा रोडच्या वळणावर गाडी तीन वेळा बंद पडली. चौथ्यांदा उडी मारून बंद पडली. मागून ट्रकवाला हॉर्न बडवतोय, बाई रडकुंडीला.

"काल तर चांगली चालत होती की हो!"

काल क्लच बापूंचा होता. स्कूलच्या फियाटला दोन्हीकडं क्लच, दोन्हीकडं ब्रेक. बापू पंधरा दिवस आपलाच पाय दाबून ठेवतात. बाई नुसतं स्टेअरिंग धरून बसते आणि तिला वाटतं आपण चालवतोय. मला हे ठाऊक होतं. मी पण असंच शिकवत होते, खोटं कशाला बोलू. क्लच मी दाबायचे आणि वर शाबास म्हणायचे.

बाई म्हणाल्या, "म्हणजे मी एक दिवस बी चालवली न्हाई?"

चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसले. फियाटची पुढची सीट बाकड्यासारखी सलग, ऐसपैस मांडी बसते. म्हटलं, बघा बाई, माझे दोन्ही पाय वर आहेत. आता जे होईल ते तुमचं. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. कव्हा गावाच्या फाट्यापर्यंत गेल्या आणि आल्या! उतरल्यावर गाडीच्या बोनेटवर हात फिरवत होत्या.

३० सप्टेंबर, नांदेड

भूकंपाला सहा वर्षं झाली.

तेव्हा अब्बांनी गॅरेजातली जीप काढली होती. पाण्याचे ड्रम, भाकरी, चादरी. चालवायला सलीमभाई, बायकांच्या कपड्यांचं गाठोडं वाटायला मी. तिसऱ्या दिवशी सलीमभाई तापानं फणफणला, स्टेअरिंगवरच मान टाकली. जीपमध्ये मागं एक बाळंतीण, तिची सासू आणि पाय मोडलेला एक म्हातारा. भोवती सगळं गाव मातीत. ड्रायव्हर कुठून आणणार? मी बसले. लायसन नाही, काही नाही. लातूरच्या दवाखान्यापर्यंत सेकंडमध्येच नेली, थर्ड टाकायची हिंमतच झाली नाही. बाजूला कोणी नव्हतं ब्रेक दाबायला.

त्या बाळंतिणीचं नाव विचारायचं राहिलं. दर वर्षी ह्या दिवशी त्याचं वाईट वाटतं. आज पण वाटलं.

१७ ऑक्टोबर, लातूर

बापूंशी भांडण. खरं म्हणजे भांडण मीच केलं, बापू नुसतं पान चघळत होते.

"शमीम, तू मांडी घालून बसतीस म्हणं. लोक हसायलेत. मांडी घालून बसलेली मास्तरीण!"

"हसू द्या की. बायका शिकून राहिल्यात."

"शिकायला उशीर लागून राहिला. पंधरा दिवसांचं काम तुझ्याकडं महिन्यावर गेलं."

"तुमच्याकडं पंधरा दिवसांत टेस्ट पास होतात. पुन्हा स्टेअरिंगला हात लावत न्हाईत."

बापूंनी पिंक टाकली. माणूस वाईट नाही. पण सवय. मग म्हणाले, "हे बघ, रजिस्टरात नाव माझं हाय. धडकली तर मी गुतणार. तुझा कागद आण, मग मांडी घाल न्हाई तर झोपून शिकव. मार्चपर्यंत आण. परीक्षा संपल्या की ह्या बायका जाणार, जूनला नव्या येणार. मार्चच्या दहा तारखेपर्यंत न्हाई आला तर लेडीज बॅच माझा भाचा बघंल."

भाचा! ज्याला टायर बदलायला सांगितलं तर जॅक हरवून येतो, तो.

आणते म्हटलं. आणतेच.

२२ डिसेंबर, नांदेड

प्रॅक्टिकल झालं. रोजा होता. घसा कोरडा, हात ग्रीसनं काळे. परीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही तोंडी सांगितलं तरी चालंल." म्हटलं, पोरांना चालणार आहे का तोंडी? न्हाई ना? मग मला पण नको.

क्लच प्लेट काढून, दाखवून, परत बसवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, गाढवांनी.

संध्याकाळी अब्बांनी खजूर हातात दिला. मग नमाजला जाता जाता म्हणाले, "मेरे गॅरेज में पयली बार कागज आयेगा." अब्बांचे डोळे भरले होते. माझे पण.

२७ जानेवारी २०००, लातूर

नापास.

लिहायचं नव्हतं. पण वही माझीच आहे, हिच्यापासून काय लपवू.

मेकॅनिकचा कागद मिळाला, आज मास्तरच्या लायसनची परीक्षा होती. आरटीओच्या मैदानात साहेब स्वतः फियाटच्या स्टेअरिंगवर बसले, "मी नवशिका. शिकवा मला." मी बोलायला लागले. आरसा, गिअर, हाफ क्लच. सगळं तोंडपाठ. साहेब मुद्दाम चुकत होते, मी सांगत होते. मैदानातून रस्त्यावर आलो. एक ऑटो एकदम आडवा आला, साहेबांनी मुद्दाम पाय हलवला नाही, आणि मी ब्रेक दाबायला गेले तर...

पाय कुठं होते माझे? मांडीत! कधी घातली मला कळलंच नाही. सवयीनं घातली. ब्रेक शेवटी साहेबांनीच मारला. ऑटोवाला शिव्या देऊन गेला.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "बाई, हा ऑटो माझ्या ओळखीचा नव्हता. खरोखरचा होता."

२८ जानेवारी

युसूफ शिलाईच्या दुकानात गेले नाहीत, घरीच मशीनवर बसून माझीच सलवार उसवत आणि शिवत होते. सबा म्हणाली, "अम्मी, तू पण नापास होतीस?" होते ग.

अब्बांना फोन केला. म्हटलं, राहू दे आता, भाचा शिकवू दे. अब्बा तिकडून: "जमीन हिल्ली तब नै डरी तू. अब एक कागज से डर रई?"

राग साहेबांचा नाही. साहेब खरं बोलले, तेच टोचतंय. बापू पाय दाबून ठेवतात ते चूक. आणि मी पाय वर घेते ते? बायकांना हिंमत यावी म्हणून घेतले, पण एखादी धडकली असती तर? अकरा जणी होत्या. अकराही जणींची पोरं क्लासला बसली होती. अल्लानं सांभाळलं, मी नाही.

पण राहू दे म्हटलं ते खोटं. राहू देणार नाही.

१३ फेब्रुवारी

रोज सकाळी सहाला युसूफला स्टेअरिंगवर बसवते. जन्मात गाडी न चालवलेला माणूस, ह्याहून चांगला नवशिका कुठं मिळणार. मी अनवाणी बसते. टाच खाली टेकवलेली, चवडा ब्रेकच्या वर, बोटभर अंतरावर. दाबायचा नाही. उचलायचा पण नाही. पहिल्या आठवड्यात पोटरीत गोळे आले. पायाला असं तरंगत ठेवणं मांडी घालण्याहून अवघड आहे, आणि दाबून टाकण्याहून तर लईच अवघड.

युसूफ म्हणाले, "तुझा पाय बघू का रस्ता बघू?"

"रस्ता बघा. पाय मी बघते."

वट्टमवारबाईंनी हे नवीन बघून तोंड पाडलं. "म्हणजे आता माझ्यावर भरवसा न्हाई?" त्यांना ऑटोचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "ठेवा मग पाय. पण मी दाबू देणार न्हाई तुम्हाला." पंधरवडा झाला, अजून दाबू दिला नाही बाईंनी!

२ मार्च

पुन्हा तेच साहेब. खाली वाकून आधी माझे पाय बघितले. मी पण मुद्दाम दाखवले.

मैदानाच्या टोकाला गिट्टीचा ढीग होता. साहेबांनी गाडी सरळ तिकडं सोडली. ब्रेक लावा म्हटलं. नाही लावला. "साहेब, डावा पाय क्लच, उजवा ब्रेक. आत्ता." नाही लावला. ढीग एवढा मोठा झाला की खडे मोजता यावेत. "पाय!" ओरडलेच मी. पुन्हा नाही. तेव्हा दाबला. गाडी ढिगापासून हातभर अलीकडं उभी.

साहेब म्हणाले, "उशीर केला तुम्ही."

"उशीर न्हाई केला साहेब. तुम्हाला वेळ दिला. नवशिका त्या वेळात शिकतो."

आगाऊपणा झाला का? झाला असेल. पण खरं तेच आहे. साहेबांनी फॉर्मवर बराच वेळ काहीतरी लिहिलं, कोपर आडवं धरून. विचारलं तर म्हणाले, "पोस्टानं कळंल."

१२ मार्च, लातूर

पोस्टमन तीनदा घरावरून गेला ह्या आठवड्यात. काही नाही. उद्यापासून लेडीज बॅचवर भाचा.

वट्टमवारबाईंच्या पोराचे पेपर संपले. शेटजी स्वतः गाडी घेऊन आले न्यायला, ड्रायव्हर सुट्टीवर म्हणे. गाद्या, स्टोव्ह, पुस्तकांची पोती भरली. मी निरोपाला गेले होते. बाईंनी पदर खोचला, स्टेअरिंगकडचं दार उघडलं आणि शेटजींना म्हणाल्या, "सरका तिकडं."

शेटजी बघतच राहिले. "तू?"

"हाव, मी. सरका, ऊन व्हायलंय."

सरकले. गाडी एका दमात निघाली. न अडखळता, न उडी मारता. शेटजी बाजूला बसून नसलेला ब्रेक पायानं दाबून राहिले होते, बिचारे! मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागं चालत गेले आणि तिथं उभी राहून रडले. आनंदानं. आणि जरा हेव्यानं पण.

जाण्याआधी बाईंनी विचारलं होतं, "घरी सगळे इचारतील, मास्तर कोण होतं. रजिस्टरात कोणाचं नाव हाय?"

"बापूंचं."

"ते मी न्हाई सांगणार."

घरी येताना पेंटरला गाठलं, सरळ स्कूलवर घेऊन गेले. बोर्डावर 'लेडीज बॅच'च्या खाली जागा रिकामीच आहे. लिही म्हटलं: शमीम मास्तरीण. तो ब्रश घेऊन थांबला. "आपा, कागद आला का?"

"तू लिही. कागद न्हाई आला तर मीच माझ्या हातानं पुसीन."

लिहिलं. 'म' जरा वाकडा आलाय. तीन तासांत वाळंल म्हणाला. उद्या बापू आणि भाचा दहाला येतील. मी नऊला जाऊन गाडीत बसणार आहे. पाय खाली ठेवून.