वाळूतले दाणे

८ नोव्हेंबर १९९४

प्रिय लोइसताईस,
सा. न. वि. वि.

मिस प्रॅट यांच्या बोटातलं अंगुस्तान टेबलाच्या कडेवर वाजायचं, तो आवाज तुला आठवतो का? टक टक, टक टक, आणि त्या तालावर आपण बावीस मुलं एका सुरात. वर्गातल्या शेगडीजवळ वाळत टाकलेल्या हातमोज्यांचा ओला वास. अडुसष्ट वर्षं झाली, पण नोव्हेंबर लागला की तो ताल माझ्या कानात सुरू होतो आणि मग कडवी आपोआप ओठांवर येतात.

काल तीच कविता मी मुलांकडून म्हणवून घेतली आणि तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. म्हणून हे पत्र.

मार्थाने टॅबिथाला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं, हे तुला मागे कळवलं होतंच. सोमवारी आणखी चार घरांतली मुलं आमच्याकडे येतात. नोव्हेंबरातला इतिहास माझ्या लेकीने कौतुकाने माझ्याकडे सोपवला आहे. काल सकाळ फार छान गेली. मुलांनी मका कुटला, त्याची लापशी काकवी घालून खाल्ली. हंसाच्या पिसाने आपापली नावं लिहिली, टेबलक्लॉथवर शाईचे डाग पाडले. अंगणात दोरी टाकून आपल्या पूर्वजांना या किनाऱ्यावर आणणाऱ्या जहाजाची लांबी मोजली. ती कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या कोबीत गेली, तेव्हा शेजारीणबाई म्हणाल्या की आता तुम्ही आमच्याही जमिनीवर उतरणार वाटतं. आम्ही सगळे खूप हसलो.

मग माझा शाळेतल्या नोकरीपासूनचा वाळूचा खेळ, पूर्वजांना इथे उतरल्यावर मका सापडला त्याची नक्कल. ढिगाऱ्यात मी रंगीत कणसांची टोपली पुरून ठेवतो, मुलं हातांनी उकरतात. टोपली दिसली की मी विचारतो:

वाळूत ठेवून गेले कोण सोन्याचे दाणे?

आणि मुलं म्हणतात:

देवाचे देणे, बाळांनो, देवाचे देणे.

सप्टेंबरपासून ओलिव्ह नावाची नवी मुलगी येते. जवळच्या मॅशपी गावची, वाम्पानोआग घरातली, म्हणजे या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांपैकी, टॅबिथाच्याच वयाची, दहा वर्षांची. ती उकरायला बसलीच नाही. हात मागे बांधून उभी होती. मी ओळ म्हटली. आठ मुलांनी उत्तर दिलं. ते थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "आम्ही ठेवले होते. वसंतात पेरायला."

मुलं हसली. तिथे मला थांबता आलं असतं. त्याऐवजी मी मास्तरी आवाजात म्हणालो की ज्यांना कवितेत यायचं नसेल त्यांनी आत जाऊन भांडी पुसली तरी चालेल. ताई, मी गमतीने म्हटलं होतं. पण ती खरंच गेली. आम्ही आत आलो तेव्हा दहाही वाडगे पुसून ओळीने पालथे घातलेले होते आणि ती कोटाची सगळी बटणं लावून आईची वाट बघत बसली होती.

संध्याकाळी टॅबिथाने विचारलं, तिचं उत्तर बरोबर होतं ना, आजोबा? मी म्हणालो, सूप गार होतंय.

मी इतका वाईट मास्तर नव्हतो ना गं? चार शब्द धीराचे लिही. तुझ्या गुडघ्यांना आराम असो, आणि या भावावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
अल्व्हा

---

१४ नोव्हेंबर १९९४

चि. अल्व्हास,
अनेक आशीर्वाद.

शहात्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण तुझं पत्र वाचून तू अजून आठच वर्षांचा आहेस अशी खात्री पटली. गुडघे बरे नाहीत. व्हरमाँटमध्ये आताच दोनदा बर्फ पडलं. लाकडं फोडायला माणूस येतो, तो फोडतो कमी आणि बोलतो जास्त.

धीराचे शब्द मागितलेस. मी शोधले, सापडले नाहीत.

तुला अंगुस्तान आठवतं, हातमोजे आठवतात. एलिशा आठवत नाही? खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, मॅशपीहून चालत यायचा. तुझ्याहून वर्षाने मोठा. त्या नोव्हेंबरात बाईंनी ही कविता घेतली आणि "कोण" म्हणून विचारलं, तेव्हा तोही म्हणाला होता की आमच्या माणसांनी. सगळा वर्ग हसला. बाईंनी त्याला लाकडं आणायला बाहेर पाठवलं. तो खिडकीबाहेर मोळ्या उचलत होता आणि तू पुढचं कडवं सगळ्यांहून मोठ्याने म्हटलंस. बाईंनी तुला पेपरमिंटची गोळी दिली. तू ती अर्धी मला दिलीस आणि मी खाल्ली. म्हणजे तू एकटा नाहीस.

नाताळनंतर त्याचं बाक रिकामं झालं. का, ते आपण कुणीच विचारलं नाही.

तू वाईट मास्तर होतास असं मी म्हणत नाही. तू मिस प्रॅटचा फार चांगला विद्यार्थी होतास, एवढंच.

आता तिच्या घरी जा. भोपळ्याचं काही गोडधोड घेऊन जाऊ नकोस, तुझं तोंड आधीच गोड आहे. कविता तर मुळीच नको. आपल्याकडून चुकलं एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. दुसरं तुला जड जाईल, हे मला माहीत आहे.

मार्थाला आणि माझ्या टॅबिथाला पापा. रागावलीस का असं विचारू नकोस. माया होती तेवढीच आहे.

तुझी,
लोइस

---

२२ नोव्हेंबर १९९४

प्रिय लोइसताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एलिशा मला आठवत नव्हता. कविता संपूर्ण, काना-मात्रेसकट पाठ, आणि तो नाही. आता दिसतो, पण फक्त पाठमोरा, हातात लाकडं घेतलेला. तोंड आठवायचा प्रयत्न करतो तर ओलिव्हचं येतं.

आणखी एक सांगायचं आहे. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बाबांच्या कपाटातलं, जहाजातून आलेल्या पूर्वजांच्या रोजनिशीचं ते जुनं पुस्तक मी पंधराव्या वर्षीच वाचलं होतं. त्यात आपल्याच माणसांनी लिहून ठेवलंय की त्यांनी ढिगारे उकरले, एकात मका निघाला तो नेला, आणि पुढे एका थडग्यात हात घालून तिथल्याही वस्तू उचलल्या. मक्याची नंतर भरपाई केली, असंही पुस्तकात आहे. मी आजवर मुलांना तेवढंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवत आलो. थडग्याचं पान आलं की दोन पानं एकदम उलटायचो. मुलांना वाटायचं, आजोबांची बोटं थरथरतात.

शनिवारी मॅशपीला गेलो. हात रिकामे, तू सांगितलंस तसे. ओलिव्हच्या आईने दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. ओलिव्ह आजीकडे राहायला गेली होती. मी म्हणालो, माझी चूक झाली हे तिला सांगाल का? त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही. ते मी का सांगू? तिला ऐकावंसं वाटलं तर तुम्ही सांगा." आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मी पायरीवर टोपी हातात धरून उभा राहिलो. ताई, इतक्या वर्षांत मला कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं.

काल सोमवार. ओलिव्हची खुर्ची तशीच ठेवली. ढिगारा सपाट केला, आणि ते पान मुलांना पहिल्यांदा वाचून दाखवलं. मग सांगितलं की त्या दिवशी ओलिव्हचं उत्तर बरोबर होतं, ते मला ठाऊक होतं, तरी मी तिला भांडी पुसायला पाठवलं. आठ वर्षांच्या कॅलेबने विचारलं, मग आम्ही का हसलो? मी म्हणालो, मी हसू दिलं म्हणून. त्याच्या आईला हे रुचलं नाही. गुरुवारचा आभार मानण्याचा सण तोंडावर आलेला असताना पोरांच्या डोक्यात थडगी कशाला भरता, तिने मार्थाला विचारलं. तिची दोन्ही मुलं आता येणार नाहीत. मार्थाने माझ्या कपात जास्तीची साखर घातली.

पण हे सगळं मी ओलिव्हच्या पाठीमागे बोललो, ते तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. ती परत आली नाही तर तिच्यासाठी मी आयुष्यभर तोच, भांडी पुसायला लावणारा म्हातारा. कसं सांगावं ते कळत नाही. चिठ्ठी लिहायला बसलो की शब्दांना यमकं फुटतात. चार कागद फाडले.

थंडीत जपून राहा. लाकडंवाल्याला बोलू दे, तेवढीच सोबत. आपल्या दोघांत जे अर्धं-अर्धं वाटून घेतलं त्याची लाज धरू, पण एकमेकांना दूर करू नये, एवढं मागतो.

तुझा,
अल्व्हा

ता. क. पाकिटात घालायला पत्र उचललं तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. टॅबिथा दार उघडून आली आणि माझ्या बाहीला धरून सांगते आहे की पायरीवर एक म्हाताऱ्या बाई उभ्या आहेत, ओलिव्हची आजी म्हणून सांगतात. आत बोलावलं तर नको म्हणाल्या. ओलिव्ह गाडीत बसली आहे, काच वर केलेली आहे. आजी म्हणतात, आधी मी ऐकते, मग ती उतरेल की नाही ते बघू. मला एकही ओळ आठवत नाही. उठतो.