तीन अस्सल गोळ्या

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. नुसतं 'बरा आहे' असं लिहू नकोस. जिना चढताना दुखतो की उतरताना, ते लिही. मागच्या पत्रात तू गुडघ्याला अर्धी ओळ आणि शेजारणीच्या मांजराला दोन पानं दिली होतीस, त्यावरून काढायचा तो निष्कर्ष मी काढलेला आहे. इकडे आम्ही तिघंही ठीक. आईचा खोकला गेला, बाबांचं पोट थोडं वाढलं आणि मी कायम झाले (नोकरीत). तुझ्याच जुन्या कारखान्यात, तुझ्याच विभागाच्या भिंतीपलीकडे, बेअरिंगं मोजण्याच्या खोलीत. तिथले एक म्हातारे फोरमन मला अजून 'त्या बाईंची भाची' म्हणतात आणि असं म्हणताना दोन पावलं मागे सरकतात. तू तिथे नक्की काय करून ठेवलं होतंस, हे मी विचारलेलं नाही. या पत्रात पुढे थोडंसं विचारणार आहे.

विषय आपल्या पिनबॉल मशीनचा आहे. मशीन म्हटल्यावर तू खुर्ची ओढून बसली असशील, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या लाँड्रीतला बॉयलरचा पाइप फुटला. माणसांना काही झालं नाही, कपड्यांना काही झालं नाही (ते धुवायलाच आले होते), पण काउंटरशेजारी उभ्या असलेल्या मशीनच्या पोटात पाणी शिरलं. तारा वाळल्या, दिवे वाळले, मागच्या काचेवरची सर्कशीतली बाई अजून तशीच झोक्याला उलटी लटकते आहे. आतल्या तीन पोलादी गोळ्यांचं मात्र वाटोळं झालं. बाबांनी पाणी काढायला तळाची फळी उघडली, तेव्हा एक गोळी पाण्याबरोबर मोरीतून निघून गेली. दुसरी गंजून बटाट्यासारखी दिसायला लागली. तिसरीला इतके खड्डे पडलेत की ती फिरवली तर खालचा रंग खरवडून निघेल. आणि तुला माहीतच आहे, तिन्ही गोळ्या रांगेत येऊन बसल्या की शेवटच्या गोळीच्या वजनानं एक पत्ती दबते आणि मगच दिवा लागतो. तीनपैकी एक कमी असली तरी मशीन खेळूच देत नाही. या बाबतीत ते आपल्या घरातल्या माणसांपेक्षा तत्त्वनिष्ठ आहे.

आता यात काळजीचं काय, असं तुला वाटेल. काळजीची गोष्ट म्हणजे बाबा. शटर वर करण्याआधी एक डाव, ही त्यांची सवय तू माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिली आहेस. तो डाव बंद झाल्यापासून ते बोलतात, जेवतात, इस्त्रीही करतात, पण वकिलांचा काळा कोट संगीताच्या मास्तरांना गेला आणि मास्तरांची रेशमी बंडी वकिलांना. (दोघांनीही ते कपडे घालून पाहिले, हे विशेष. वकिलांना बंडी आवडली होती.) सकाळी मी कामाला निघते तेव्हा ते बंद मशीनच्या दोन्ही कडांवर हात ठेवून उभे असतात. खेळत नाहीत, पुसत नाहीत, नुसते उभे. मी या प्रकाराला काही नाव देत नाही. माझ्याकडे ते मोजायचं साधन नाही.

त्यात समोरच्या गाळ्यात एक कॉफीवाला आला आहे. त्याला मशीन हवं आहे, पण खेळायला नाही. आतलं सगळं काढून टाकायचं, वर काच बसवायची आणि टेबल करायचं. आईनं त्याला महिनाअखेरीस टेम्पो आणायला सांगून ठेवलं. आईला त्या जागी वाफेची नवी इस्त्री हवी आहे, हे खरं. पण बाबांना नुसतं उभं राहिलेलं बघणं तिला सहन होत नाही, हेही खरं. 'तोवर चाललं तर राहील, नाही चाललं तर लोक त्यावर कप ठेवतील,' असं ती म्हणाली आणि कॉलरवरचा डाग घासायला लागली. त्यावर बाबांनी एकच अट घातली: गोळ्या अस्सल हव्यात. मशीनबरोबर आजोबांच्या वेळी आल्या होत्या तशा. कुठल्याही उचलून आणलेल्या चालणार नाहीत. आणि त्या आणायचं काम, घरात इंजिनिअर एकच असल्यामुळे, माझ्याकडे आलं.

पहिल्या गोळ्या मी इंटरनेटवरून मागवल्या. 'जुन्या काळातल्या, न वापरलेल्या, अस्सल' असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं. मखमली पेटी आली, सोबत सोनेरी कडेचं प्रमाणपत्र आलं, त्यावर 'अस्सल' हा शब्द तीनदा होता. (एकदा लिहिला असता तर मी कदाचित विश्वास ठेवला असता.) गोळ्या आरशासारख्या चकचकीत. बाबांनी एक उचलली आणि तशीच माझ्या हातात दिली. हातात घेताच कळलं की आत हवा आहे. भिंगाखाली धरली तर एका बाजूला बुजवलेलं भोक, त्यात आटे. आत्या, त्या पडद्याच्या दांडीच्या टोकाला लावायच्या गोळ्या होत्या. रांगेत बसल्या, पण पत्ती जागची हलली नाही. आईनं त्यातल्या दोन आतल्या खोलीच्या दांडीला बसवल्या आणि छान बसल्या म्हणून मला सांगितलं. हा खर्च अगदीच पाण्यात गेला, असं म्हणता येणार नाही.

मग कुठल्याही शहाण्या माणसानं आधी केलं असतं ते मी केलं. आमच्या खोलीत सत्तावीस मिलीमीटरच्या पोलादी गोळ्या असतातच. साहेबांना विचारून, रीतसर सही करून, तीन घरी आणल्या. गोलाई अशी की तुला पाहून बरं वाटलं असतं. बाबा इस्त्री करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

'कुठून आणल्यास?'

'कारखान्यातून.'

'मग नको.'

'बाबा, एकदा फिरवून तरी बघा.'

'बेअरिंगमध्ये घाल त्या. तिथे शोभतील.'

पुढे त्यांनी बाहीची घडी घातली आणि विषय संपला. मला राग आला नाही. मी फक्त आत जाऊन कपाटाचं दार गरजेपेक्षा जोरात लावलं.

तिसरा प्रयत्न म्हणजे एक संग्राहक. जुन्या खेळांची मशीनं जमवणारा माणूस, घराच्या तळघरात राहतो, म्हणजे वरच्या मजल्यावर त्याची बायको राहते आणि तो खाली. त्यानं मला दारातच हातमोजे दिले. गोळ्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवलेल्या, प्रत्येकीखाली कापूस. मी मायक्रोमीटर काढला तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाळाच्या अंगावर सुरी धरली आहे. अस्सल गोळी मोजायची नसते, ऐकायची असते, असं त्याचं म्हणणं. त्यानं एक गोळी फरशीवर सोडली, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. शेवटी मीच खोकले. विकायला तो तयार नव्हता. मशीनच आपल्याला दत्तक द्या म्हणाला. मी म्हटलं, मशीनचे वडील हयात आहेत. हे त्याला का कोण जाणे पटलं, आणि त्यानं तीन गोळ्या आठवडाभर खेळायला दिल्या, त्याच कापसात. (हातमोजे परत घ्यायला विसरला. तेही परत करीन.) त्या गोळ्या खरोखर अस्सल होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या, मूळ पाकिटासकट. याबद्दल मला शंका नाही आणि शंका ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

रविवारी सकाळी बाबांनी स्वच्छ सदरा घातला. आई हात पुसत बाहेर आली आणि आपल्याला काही घेणंदेणं नाही अशा थाटात काउंटरला टेकून उभी राहिली. दिवा लागला. सर्कशीतली बाई उजळली. बाबांनी दट्ट्या ओढला, गोळी वर गेली, घंट्या वाजल्या, आणि आत्या, तुझ्या भावाचा चेहरा पहिल्या गोळीपुरता बघण्यासारखा होता. दुसऱ्या गोळीला तो बदलला. तिसरी त्यांनी सोडलीच नाही. 'नकली आहेत,' म्हणाले.

मी विचारलं, कशावरून. तर ते म्हणाले, चिकटत नाहीत. आपल्या गोळ्या रांगेत एकमेकींना चिकटून बसतात, डाव्या बाजूला गुडघ्यानं एक दणका दिला की सुटतात. तो दणका द्यायचा, मग दट्ट्या ओढायचा, असा खेळ आहे. यांना दणका लागत नाही म्हणजे काहीतरी खोट आहे. आई म्हणाली, 'अहो, चिकटत नाहीत ते चांगलंच नाही का?' बाबा म्हणाले, 'तुला काय कळतंय त्यातलं,' आणि ती म्हणाली, 'पंधराशे शर्टांच्या कॉलरी कळतात, हे एक कळत नाही होय,' आणि आत निघून गेली. मी बाबांकडे पाहिलं नाही. मी त्या दणक्याचा विचार करत होते.

आता पुढचं नीट वाच. बाबांची ती खड्डे पडलेली जुनी गोळी मी कामावर नेली आणि खड्डे सोडून जिथे पृष्ठभाग धड आहे तिथे मोजली. हे मशीन ज्या देशात बनलं तिथे सगळं इंचात चालायचं. अस्सल गोळी एक पूर्णांक एक सोळांश इंचाची, म्हणजे सत्तावीस मिलीमीटरला बारा-साडेबारा मायक्रॉन कमी. संग्राहकाच्या तिन्ही गोळ्या तशाच भरल्या (हो, मोजल्या, हातमोजे घालून मोजल्या). आपली जुनी गोळी, एवढी वर्षं आपटून, घासून, झिजूनही, सत्तावीसला फक्त चार मायक्रॉन कमी आहे. झिजून कुठलीही वस्तू मोठी होत नाही. शिवाय पोलादही वेगळं निघालं, बेअरिंगला वापरतात ते, जे एकदा चुंबक झालं की चुंबकत्व सोडता सोडत नाही. म्हणून ती चिकटते. म्हणून दणका. बाबा ज्याला मशीनचा स्वभाव समजतात तो मुळात आपल्या कारखान्याच्या भट्टीचा स्वभाव आहे.

म्हणजे बाबांच्या अस्सल गोळ्या कधीतरी कुणीतरी बदललेल्या होत्या. त्या काळात आपल्या घरात सत्तावीस मिलीमीटरच्या गोळ्यांपर्यंत हात पोचेल अशी व्यक्ती एकच होती, आणि म्हातारे फोरमन तिच्या भाचीला पाहून अजूनही मागे सरकतात. मी तुझ्यावर काही आरोप करत नाही. मी फक्त माप कळवते आहे.

संग्राहकाच्या गोळ्या मी परत केल्या. त्यानं प्रत्येक गोळी फरशीवर सोडून ऐकली आणि 'आनंदात दिसतात' असा शेरा दिला. कॉफीवाला काल येऊन मशीनची लांबीरुंदी घेऊन गेला. त्यानं टेप तिरपी धरली होती, मी त्याला सांगितलं नाही.

बाकी सगळं ठीक. तुझ्या गुडघ्याच्या उत्तराची वाट पाहते. मांजराला माझ्यातर्फे जे काही योग्य वाटेल ते सांग. आई म्हणते आहे की वन्संना लिही, त्यांचा फिका शेवाळी कोट अजून आपल्याकडेच आहे, ड्रायक्लीन झालेला आहे, कधीही येऊन घालून जावा.

तुझी,
मोजपट्टी

ता. क. पत्रासोबत एक डबा आहे तो चुकून आलेला नाही. त्यात कारखान्यातल्या त्याच तीन गोळ्या आहेत, ज्या बाबांनी न बघता परत केल्या. आमच्याकडे वस्तूंचं चुंबकत्व काढायचं यंत्र आहे. मी ते उलटं वापरलं. आता त्या एकमेकींना व्यवस्थित चिकटतात. (चांगली वस्तू मुद्दाम बिघडवण्याची ही माझी पहिलीच वेळ. तशी नोंद घ्यावीशी वाटली.) तुझ्याकडून एवढंच हवं आहे: त्या तुझ्या एखाद्या जुन्या कापडात गुंडाळ आणि बाबांच्या नावानं, तुझ्या अक्षरात, उलट टपालानं पाठव. ट्रंकेच्या तळाशी सापडल्या, आजोबांच्या वेळच्या असाव्यात, एवढंच लिही. फार खुलवू नकोस. तू खोटं लांबलचक बोलतेस आणि मग त्यात मांजर येतं. टेम्पोच्या आधी पोचायला हव्यात, म्हणून आजचं काम उद्यावर टाकू नकोस. चकाकी फार वाटली तर थोडी राख चोळ, पण व्यासाला धक्का लावू नकोस.

आणखी एक ता. क. डबा बांधत होते तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. डबा उचलून हातात तोलला आणि म्हणाले, 'चार घाल. मागच्या वेळी ताईनं तीनच आणल्या, म्हणून तर ही पाळी आली.' मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून रीतसर सही करून चौथी आणली. तिलाही चिकटायला शिकवलं आणि डब्यात घातली. मग मी विचारलं, आता ठाऊकच आहे तर सरळ मशीनमध्ये टाकू का, टपालाचा फेरा कशाला. ते म्हणाले, 'छे, मग त्या कारखान्यातल्या होतील.' त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, मी लिहिलेला तुझा पत्ता खोडला आणि स्वतः पुन्हा लिहिला, दुप्पट मोठ्या अक्षरात, डब्यावर जागा उरली नाही इतका. आत्ता ते बाहेर शिट्टी वाजवत वकिलांच्या कोटाला ब्रश मारताहेत. तेव्हा लवकर पाठव. आणि जमलं तर टपालानं पाठवू नकोस, घेऊनच ये.