पिंपळाखालचं पाणी

सोम. ९ जुलै २००७
रिसॉर्टचं तळं काठोकाठ. सेठने सांडव्यात दोन फळ्या अडकवल्यात, पाणी हातभर वर चढलंय. म्हणे बोटी वरच्या धक्क्याला लागल्या की पब्लिक खूश. बांधाच्या पायथ्याचा नेहमीचा पाझर लोणच्याच्या बरणीत धरून पाहिला. स्वच्छ. आनंदनगरला कंपनीत तीस वर्षं पंप सांभाळले, आता सेठचा हा बांध. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून, थेंब पडायलाच हवा, नाहीतर शाफ्ट जळतो. मातीच्या बांधाचंही तसंच. पाणी येऊ दे, माती येता कामा नये.

शुक्र. १३
नवा पाझर. पायथ्यापासून वीतभर वर, करंगळीएवढा. बरणी भरून खिडकीत ठेवली. संध्याकाळी तळाशी पिवळ्या मातीचा थर.
जागा बरोबर पिंपळाखाली.
पिंपळ मी लावला. बायको शालन गेली त्या वर्षी, उल्हासनगरच्या विहारातून रोप आणून. सेठला विचारलं तेव्हा म्हणाला, लगाओ ना काका, छाया होगी. बांधावर झाड लावू नये हे कुणी सांगितलं नाही. सेठ सोडून मीही कुणाला विचारलं नाही.

शनि. १४
सेठला फोन. पाझराचं सांगितलं. पिंपळाचं नाही. "अरे साईं, पानी है तो टपकेगा. शनिवार-रविवार निकलने दो."

सोम. १६
बांधाखाली एकच घर, गोमाचं. तो, बायको, सून, दोन नातवंडं. लावणी नुकतीच झालीय. म्हणाला, "दादा, शेतान पानी गढूल येतंय. तुमच्या बांधाचाच ना?" म्हटलं, बघतो. काय बघतो डोंबल. चार दिवस बघतोच आहे.

बुध. १८
खिडकीत सहा बरण्या. थर वाढतोय. बदलापूरहून संगीता आली, डबा घेऊन. "बाबा, हे कसलं लोणचं घातलंत?" सांगितलं सगळं.  लेक म्हणाली, "आईचं झाड म्हणून लपवताय ना?" म्हटलं, तुला बांधातलं काय कळतं. न जेवता गेली.
खरं बोलली, म्हणून राग आला. तिची भाकरी तशीच ठेवून मीही जेवलो नाही.

शुक्र. २०
सेठला पिंपळाचं सांगितलं. त्याने ओळखीचा रिटायर इंजिनियर आणला. साहेबांनी बूट काढून चिखलात उतरून पाहिलं, तिथेच माणूस आवडला. म्हणाले, मुळं बांधात शिरलीत. नुसतं तोडून ठेवाल तर आतली मुळं कुजून नळ्या होतील. आधी तळं उतरवा, मग झाड मुळासकट काढा, चिकणमातीने ठोकून भरा.
सेठ : पंद्रह ऑगस्ट का बुकिंग है, उसके बाद.
साहेब : लिहून देऊ का?
सेठ : लिखो मत.

मंगळ. २४
काल दिवसभर ओतत होता. सकाळी पाझर मनगटाएवढा, चहाच्या रंगाचा. गोमाला सांगितलं, घरच्यांना भावाकडे गावात पाठव. कशाला, का, काही न विचारता पाठवली.
दोन्ही फळ्या काढल्या. तळाचा व्हॉल्व पाच वर्षं कुणी फिरवलेला नाही, गंजून गच्च. रॉकेल सोडलं, घण मारला, चाकात पाइप अडकवून मी आणि गोमा लोंबकळलो. अकरा वाजता हलला. पाणी नाल्याने निघालं, गोमाच्या शेताचा एक कोपरा घेऊन.  
दुपारी सेठ. "किससे पूछ के खोला?" म्हटलं, झाड तुम्हाला विचारून लावलं होतं, काय झालं बघताय ना.
 

रवि. २९
आषाढी पौर्णिमा. तळं निम्म्याच्या खाली. बोटी चिखलात तिरक्या. मॅनेजरने कानावर घातलं, सेठ माझ्या जागी माणूस शोधतोय.
पिंपळ तोडायला कुणी तयार नाही. मजूर आणणारा मुकादम म्हणाला, बाकी काय पण सांगा. जेसीबीवाल्याने नारळ मागितला, फोडला, आणि जेसीबी घेऊन परत गेला. सेठ म्हणतो, मेरे हाथ से पाप नहीं. फिरून फिरून सगळे माझ्याकडे बघतात. मी तर तो विहारातून आणलेला!
संध्याकाळी विहारात गेलो. भन्तेंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, खाली माणसं किती राहतात? म्हटलं, पाच. मग विचारायचं काय, अशी मान हलवून दुसऱ्याशी बोलायला लागले.

बुध. १ ऑगस्ट
गोमाकडची मंडळी परत आली. पाझर बंद. पाणीच खाली गेलंय, गळणार कुठून. आजची बरणी कोरडी.
सेठला कळलं. सकाळी फोन, आवाज एकदम गोड. "काका, बंद हो गया ना? फळ्या लगा दो. पेड भी रहेगा, आप भी रहोगे."
नोकरी राहील. झाड राहील. पंधरा ऑगस्टला बोटी फिरतील. गोमाकडे मात्र रोज रात्री पाच माणसं बांधाखाली झोपणार.
संगीताला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी चुकलं माझं. म्हणाली, जेवलात का?

गुरु. २
अंबरनाथहून कुऱ्हाडीला धार लावून आणली. गोमा म्हणाला, "झाडाची मुलं मी खणतो, दादा. पण पयला घाव तुमचा." बरोबर आहे.
दुपारभर झाडाखाली बसलो. वरची पानं अजून तांबूस, नवी. शालनला झाडाखाली जेवायला आवडायचं, घर सोडून डबा घेऊन कुठेही बसायची. खूप आठवण आली. रडलो, चांगला अर्धा तास.
नाल्याला वरून पाणी सुरू झालंय. तळं परत चढायला लागेल.
फळ्या बांधावरच पडल्यात. कुऱ्हाड शेजारी ठेवून आलो. सकाळी सहाला गोमा येईल, पहिला घाव माझा. तोवर झाड शालनचं.