सत्तावीस इंच की पंचावन्न इंच

३ मार्च, सोमवार

मॉनिटर गेला! काल शर्यतीत, अगदी शेवटच्या वळणावर, मी पुढे असताना — पडदा काळा. लेक तिकडून फोनवर खो-खो हसतेय. "बाबा, हरायला लागलात की बरोबर बंद पडतो तुमचा!" मी हरत नव्हतो. हे इथे लिहून ठेवतो.

लग्न होऊन ती परगावी गेल्यापासून दर रविवारी सकाळी अकराला आम्ही बापलेक कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो. हा नेम मोडायचा नाही. म्हणजे रविवारच्या आत नवा पडदा हवा.

मला सत्तावीस इंची मॉनिटर हवाय. ही म्हणते, "त्यापेक्षा मोठा फोर-के टीव्ही घ्या ना. हॉलमध्ये लावू, तुमचा कॉम्प्युटर त्यालाच जोडा. सगळ्यांना दिसेल." सगळ्यांना म्हणजे कोणाला? घरात माणसं दोन! हिला मालिका बघायच्यात, आणि बंदूक माझ्या खांद्यावर.

४ मार्च

दुकानात गेलो. विक्रेत्याच्या तोंडात नुसती साखर. "काका, मॉनिटर कशाला? पंचावन्न इंची टीव्ही घ्या, अक्षरं कशी मोठ्ठी दिसतील!"

मी अक्षरांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग याच्या डोक्यात अक्षरं आली कुठून? काल दुपारी ही "जरा बाजारात जाऊन येते" म्हणाली होती. हं.

मी विचारलं, बटण दाबल्यापासून टीव्हीवर गाडी वळेपर्यंत किती उशीर होतो? म्हणे, "गेम मोड लावा, काही उशीर होत नाही." विकणाऱ्याला आपलं ताक आंबट कधी लागलंय? मॉनिटरच घेतला. जिंकलो.

५ मार्च

खोट आहे! नव्याकोऱ्या मॉनिटरवर, मधोमध, जरा उजवीकडे — रुपयाच्या नाण्याएवढा धूसर डाग. रस्त्याची पांढरी रेघ तिथे आली की वाकते. रेघ कधी वाकते का?

हिला बोलावलं. म्हणाली, "मला तर सरळ दिसते." नीट बघितलंसुद्धा नाही. मग हळूच, "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" डोळे! सव्वीस वर्षं छापखान्यात नमुने तपासतोय मी. मुंगीच्या पायाएवढं टिंब सुटत नाही माझ्या नजरेतून. ताडकन बोललो. आता स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजतायत.

७ मार्च

मॉनिटर बदलून आणला. साखरतोंड्याने आधी दुकानात लावून दाखवला. "काका, शप्पथ, काहीही डाग नाही." मी बोट ठेवून दाखवतोय तरी नाही! शेजारच्या गिऱ्हाइकाला बोलावलं, तोही म्हणाला नाही. गिऱ्हाईक कसलं, त्यांचाच माणूस असणार.

८ मार्च

दुसऱ्यावरही डाग. त्याच जागी! म्हणजे जुनाच नव्या खोक्यात घालून दिला. मागचा नंबर ताडून पाहिला, तो मात्र वेगळा निघाला. स्टिकर बदलायला कितीसा वेळ लागतो?

९ मार्च, रविवार

शर्यत हरलो. चारपैकी चार. डाग रस्त्यावर बसतो आणि समोरची गाडी गिळतो. लेक हसली नाही. "बाबा, बरं आहे ना?" असं विचारत राहिली. हिने तिचे कान भरलेत.

१२ मार्च

आज छापखान्यात जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

आम्ही औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतो. प्रत्येक नमुन्यावर आधी माझी सही, मगच तो मशीनवर चढतो. आज मालक मशीनपाशी उभे होते. मशीनवाल्याने पहिलाच कागद उचलला, उजेडात धरला आणि मशीन थांबवलं. "दादा, टिंब उडालंय."

लहान मुलांचं औषध. २.५ मिलीच्या जागी २५.

मालकांनी नमुना मागून घेतला आणि त्यावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. 

मला सगळं कळतंय. या मशीनवाल्याची नजर माझ्या खुर्चीवर आहे. माझी सही झाल्यावर यानेच टिंब खरवडलं! गेले काही महिने माझं काम झालं की हा माझ्या टेबलाशी घुटमळत असतो, हे मी काय पाहिलं नाही?

खणातली माझी प्रत काढली. तिच्यावरही टिंब नाही. खाली सही माझीच. तीही त्याने बदलली असेल. पण सही? शाईसुद्धा माझ्याच पेनाची.

१३ मार्च

मशीनवाला "दादा, चहा?" म्हणाला. मी पाठ फिरवली.

१५ मार्च, शनिवार

हरलो बुवा. मॉनिटर परत केला, टीव्ही आणला. साखरतोंड्याच्या चेहऱ्यावर विजय. हिच्या चेहऱ्यावर मात्र नाही — ती पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. का?

कॉम्प्युटर जोडला, गेम मोड लावला. खरं सांगायचं तर उशीर जाणवत नाही. सोफ्यावर बसून बघितलं. डाग आहे. आणि मोठा झालाय — चेंडूएवढा!

दोन वेगवेगळ्या कंपन्या, तीन पडदे, एकच डाग. एवढं मोठं कारस्थान माझ्यासाठी कोण रचेल? हा प्रश्न पहिल्यांदाच पडला.

१६ मार्च, रविवार

शर्यतीआधी टीव्ही बंद करून पुसायला घेतला. म्हटलं, निदान फडक्याने पुसून तरी बघू. काळ्या पडद्यावरही डाग. मान वळवली. डाग भिंतीवर आला. दाराकडे बघितलं, दारावर. ही चहा घेऊन आत आली — हिच्या तोंडावर.

उजवा डोळा झाकला. गेला. डावा झाकला. आला. दाराची चौकट मधोमध वाकलेली.

फडकं हातात तसंच घेऊन बसलो. ही कप ठेवून शेजारी बसली. मीच म्हणालो, "उद्या डॉक्टरकडे येशील माझ्याबरोबर?"

लेकीला कळवलं, आज शर्यत नाही.

१७ मार्च

उजव्या डोळ्याचा पडदा सुजलाय, त्याच्याखाली पाणी साठलंय. मी बाजार पालथा घालत होतो, आणि बिघडलेला पडदा हा! डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. आहे तेवढं बहुधा टिकेल. गेलेलं सगळं परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

"कधीपासून त्रास आहे?" मी सांगितलं, "दहा-बारा दिवस." ही मागून म्हणाली, "तीन महिने तरी, डॉक्टर. कपात पाणी ओततात ते बाहेर सांडतं. डोळ्यांचं नाव काढलं की यांना राग येतो. म्हटलं, निदान मोठ्या पडद्यावर तरी दिसेल."

घरी येईपर्यंत मी तिचा हात धरून चाललो. दिसत नव्हतं म्हणून नाही.

१८ मार्च

मालकांना स्वतः जाऊन सांगितलं — डोळा बरा होईपर्यंत माझी सही चालवू नका. मग मशीनपाशी गेलो. मशीनवाल्याला म्हटलं, "तुझ्याबद्दल वाईट विचार केला रे." तो कानकोंडा झाला. म्हणाला, "दादा, डिसेंबरापासून तुमच्या सहीनंतर प्रत्येक नमुना मी परत बघतोय. चूक दिसली की गुपचूप दुरुस्त करवून घ्यायचो. त्या दिवशी मालक शेजारीच होते, इलाज नव्हता."

"किती सापडल्या?"

बराच वेळ हाताची शाई पुसत राहिला.

"सात."