गाळलेलं कडवं

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत. भाऊजींची कंबर आता बरी असेल अशी आशा आहे.

तुझा बाळ गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी मी काय केलं, ते तुला अजून सांगितलेलं नाही. फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो. प्रार्थना आटोपून मी खाली बाइंडिंगच्या दुकानात गेलो. शटर अर्धंच वर केलं. खळीचं भांडं बाजूला सारलं, बांधलेली पुस्तकं प्रेसखाली तशीच राहू दिली आणि टाचणीची वही साफ अक्षरात उतरवायला बसलो. तू त्याला बाळ म्हणायचीस, पण रॅप म्हणायला लागल्यापासून इथे सगळे तुझ्या मुलाला टाचणीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. वही मीच त्याला बांधून दिली होती, उरलेल्या कागदांची. त्याचं शेवटचं गाणं रेकॉर्ड व्हायचं राहिलं होतं. ते त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमात म्हणावं असं मित्रांच्या मनात होतं. पण त्याचं अक्षर तुला ठाऊक आहे, कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं. मित्रांना दोन ओळींपुढे लागेना. नऊ वर्षं माझ्या घरात राहिला, म्हणून मला लागायचं.

उतरवताना पहिली शिवी आली आणि हात थांबला. गावच्या शाळेत गुरुजींनी छडी मारून जे अक्षर वळवलं, त्या अक्षरात मी कधी तसला शब्द लिहिला नव्हता. म्हटलं, पोरगं देवाघरी गेलं, आता त्याच्या नावावर हे कशाला? तिथे ‘मित्रा’ लिहिलं. मग दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत गाणं धुऊन स्वच्छ झालं होतं.

परवा शाळेच्या मैदानावर कार्यक्रम झाला. भाऊजींना सोडून तुला येता आलं नाही, पण तू असायला हवी होतीस. तीनेकशे माणसं असतील. गॅरेजवाले काळ्या हातांनीच आले. शिलाई कारखान्यातल्या बायका ड्यूटी सुटल्यावर तशाच आल्या. काम चालू असताना कारखान्याला बाहेरून कुलूप घालतात, यावर त्याने गाणं केलं होतं. ते इतकं तोंडोतोंडी झालं की शेवटी मुकादमाने कुलूप काढलं. त्या बायकांना ते गाणं पाठ होतं, शिव्यांसकट. त्यातल्या दोघी तर आज्या होत्या.

मग हे शेवटचं गाणं सुरू झालं आणि लोक गप्प झाले. आधी मला वाटलं, दुःखाने. पण एकही मान डोलत नव्हती. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, नंतर जवळ आला. म्हणाला, काका, राग मानू नका, पण टाचणी जन्मात कुणाला मित्रा म्हणाला नाही. मी म्हटलं, वहीत आहे तसंच आहे. खोटं बोललो.

आता हेच गाणं त्यांना रेकॉर्ड करायचं आहे. साफ प्रत सोबत पाठवतो. तू वाच आणि चालेल म्हण, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर येईल.

तुझी भावजय नमस्कार सांगते. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझे भाऊजी आता काठी न घेता दारापर्यंत जातात आणि त्याचा डंका शेजारीपाजारी पिटतात, यावरून काय ते समज.

तुझी प्रत वाचली. अक्षर मोत्यासारखं आहे. लग्नपत्रिका वाचतेय असं वाटलं. इतकं गोड बोलणारा मुलगा मला झालाच नव्हता. शिव्यांचं म्हणशील, तर मी अठरा वर्षं हॉस्पिटलात आया आहे. दुखत असताना माणूस काय बोलतो ते मला विचार. ज्याला शिवी सुचते त्याची अजून आशा असते, असं आमच्या जुन्या सिस्टर म्हणायच्या.

पण शिव्यांच्या आड तू आणखी काही लपवलंस. कावीळ व्हायच्या आधी महिनाभर त्याने हे गाणं मला फोनवर म्हणून दाखवलं होतं. चार कडवी होती. तुझ्या प्रतीत तीन आहेत. मामाचं कडवं कुठे गेलं?

ते म्हणताना तो हसत होता. मामाने ऐकलं तर पुठ्ठा कापायच्या मशीनखाली माझी मान देईल, म्हणाला. मी विचारलं, तोंडावर का नाही सांगत? तर म्हणाला, सांगायला गेलो की मामा डोळे मिटतो.

तू त्याला जेवू घातलंस, शेवटचे आठ दिवस दवाखान्याची पायरी सोडली नाहीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण घरात गाणं म्हणायचं नाही, असं सांगून तू त्याला एकदा गप्प केलंस. आता दुसऱ्यांदा करतोयस, आणि या वेळी त्याला उलट बोलता येत नाही.

काय करायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं म्हणून केलंस, तर ते माझं होईल.

जेवणाची आबाळ करू नकोस. रागावले आहे, पण तुझीच आहे.

ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरत होतो. उत्तर तीनदा लिहिलं आणि फाडलं. तिन्ही वेळा मी माझीच बाजू मांडत होतो.

कडवं असं आहे:

मामा देवाशी बोलतो डोळे मिटून रोज सकाळी,
मी दारात उभा …, सांग माझी कधी पाळी?
देवाला ऐकू येतं म्हणे, मग मामाच का बहिरा?
माझ्या घशात अख्खी गल्ली, अन् घरात माझ्यावर पहारा.

जिथे जागा सोडली आहे तिथे शिवी आहे. तुला लिहायला अजून धजत नाही.

लोक काय म्हणतील म्हणून गाळलं, असं मी स्वतःला सांगत होतो. तसं नाही. खरं आहे म्हणून गाळलं. ताई, तो दारात येऊन उभा राहायचा ते मला कळायचं. त्याच्या चपला फटफट वाजायच्या. रात्रीतून काहीतरी सुचलेलं असायचं आणि ते ऐकवायचं असायचं. मी प्रार्थना लांबवायचो. शब्द संपले तरी डोळे मिटून बसायचो, तो जिना उतरेपर्यंत. असा देवाच्या आड मी किती सकाळी लपलो, याचा हिशेब नाही. हे मी प्रार्थनेतसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

काल मूळ वही घेऊन त्याच्या मित्रांकडे गेलो. ते स्टुडिओ म्हणतात ती गॅरेजमागची खोली आहे, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या. मी खोटं बोललो होतो, असं चष्म्याला सांगितलं. त्याने खुर्ची पुढे सरकवली. वही कुणालाच लागेना, म्हणून मलाच वाचावं लागलं. मी सावकाश वाचत गेलो, तो लिहून घेत गेला. पहिल्या शिवीपाशी थांबलो. पोरं खाली बघायला लागली. माझ्या वतीने त्यांनाच लाज वाटत होती. मी ती उच्चारली. इतकी शुद्ध उच्चारली की कोपऱ्यातल्या एकाला हसू आवरेना, मग मलाही आवरेना. मामाच्या कडव्याला मात्र कुणी हसलं नाही. ते मी दोनदा वाचलं, चष्म्याला नीट लिहून घेता यावं म्हणून.

चष्म्याने रेकॉर्डिंगचं मशीन सुरूच ठेवलं होतं. म्हणाला, काका, हे कडवं तुमच्याच आवाजात राहू दे, लोक रडतील. मोह झाला, तुझ्यापासून कशाला लपवू. पण म्हटलं, “पुसून टाक. त्याच्या जागी मी एकदा बोललो आहे, तेवढं पुरे.”

त्याने पुसलं. आता त्याचे मित्र ते म्हणतील, त्याने लिहिलं तसं. माझ्या हातची साफ प्रत मी त्यांच्यासमोर फाडली आणि वही तिथेच ठेवून आलो.

भाऊजींना नमस्कार. लोभ मागायचा आज धीर नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझा धाकटा