तुफान कलम

२ फेब्रुवारी

आज पुन्हा पुष्पगुच्छ! फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष होऊन चार महिने होत आले आणि अजून माझं स्वागतच चाललं आहे. काम कुठे आहे ते कुणी दाखवत नाही. आज बूट बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली, एका जिल्ह्याची माणसं आली, आणि एक गृहस्थ कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांनी हात मिळवले. खजिनदारांचा हात म्हणजे पाणी जास्त झालेली कणीक! मिळवून झाला की मी खिशातल्या खिशात रुमालाला पुसतो. आज त्यांच्या बायकोनं पाहिलं. बघू देत.

५ फेब्रुवारी

कार्यकारिणीची सभा. मुलींच्या राष्ट्रीय संघाचा सामना महिन्याभरावर आला आहे, शेजारच्या देशाचा संघ येतोय. दोन तास चर्चा कशावर? पाहुण्यांच्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे घालायचे की निळे! एक सदस्य झोपले होते. एक दात कोरत होते आणि कोरलेलं निरखून बघत होते. ह्यातल्या एकानंही जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण बोलतात असं की ऑफसाइड ह्यांच्या आजोबांनीच शोधून काढली. मी मैदानावरच्या गवताचं काय, म्हणून विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गवत!

सचिव मात्र गोड. वीसेक वर्षं त्याच खुर्चीत आहेत, अध्यक्ष येतात आणि जातात. काहीही सांगा, "होऊन जाईल, साहेब." बायकोनं त्यांचं नाव ठेवलं आहे — मधाचं बोट.

६ फेब्रुवारी

काही झालं नाही. गुडघा दुखतोय.

१७ फेब्रुवारी

मुलींच्या शिबिरात कुणाला न सांगता गेलो. आपला संघ हॉटेलात उतरलाय असं मला सांगितलं होतं. संघ आहे शाळेत! बाकं भिंतीला सारून जमिनीवर गाद्या टाकल्या आहेत, त्यांना कुबट वास. ओल्या जर्स्या फळ्याच्या खिळ्यांना लटकवलेल्या. सगळ्यांना मिळून एक संडास, त्याचीही कडी तुटलेली. एक आत गेली की दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहते. देशाचा संघ हा!

कप्तान भेटली. गोलकीपर आहे. उंच, नाक कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर उभी राहून म्हणाली,

"साहेब, सामन्याआधी तुम्ही आमच्या रांगेतून हात मिळवत जाल. मी हात देणार नाही. आधीच सांगून ठेवते."

मला हसू आलं. तिला वाटलं असणार, म्हातारा चेष्टेवारी नेतोय. पोरी, चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला हात द्यायचा नाही म्हणालं! किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू.

तिथून तडक हॉटेलात. संघाच्या नावावर घेतलेल्या खोल्यांत खजिनदारांचे सासू-सासरे, मेहुणा, मेहुण्याची बायको, आणि पोरं पोहण्याच्या तलावात डुंबत होती. सासरेबुवा संघाचा ट्रॅकसूट घालून बिस्किटं खात बसलेले. पाठीवर देशाचं नाव, पुढे पोट! उठून हात मिळवायला आले. शिसारी आली. तरी मिळवला.

१८ फेब्रुवारी

कालपासून डोक्यातून जात नाही. ती जे करणार म्हणते तेच मी केलं होतं. आम्ही तेव्हा गोदामात झोपायचो आणि पदाधिकारी हॉटेलात. सामन्याआधी तेव्हाचे अध्यक्ष रांगेतून आले, माझ्यापाशी थांबले, आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा! त्यांचा हात हवेत तसाच. भरलेल्या मैदानासमोर.

आठ महिने घरी बसवलं. मग संघ मार खायला लागला तेव्हा झक मारत परत बोलावलं, आणि मी तो गोल मारला. त्या गोलावर माझी सगळी हयात गेली. पेपरवाल्यांनी 'तुफान' नाव दिलं ते तेव्हाचं. (बायको म्हणते, तुफान म्हणे! घरात पंखा लावायलासुद्धा उठत नाहीत.) खरं सांगायचं तर गोल मला नीट आठवतही नाही. चेंडू आला, डावा पाय लागला, गेला. तो हवेतला हात मात्र बोटांसकट आठवतो. जन्मात एवढी एकच गोष्ट धड केली असं वाटतं. निवडणुकीला उभा राहिलो तोही त्याच गुर्मीत, की आत शिरेन आणि झाडून काढेन.

झाडू कुठे ठेवलाय तेच सापडत नाही अजून.

२० फेब्रुवारी

सचिवांना झाप झाप झापलं. शाळा, संडास, सासरेबुवा, सगळं काढलं. ते मान डोलावत राहिले. मग रागाच्या भरात म्हणून गेलो की निदान त्या कप्तान पोरीला तरी कणा आहे, ती मला रांगेत हातसुद्धा देणार नाही!

सचिवांनी कप खाली ठेवला.

"नियमावलीत चौदावं कलम आहे, साहेब. मान्यवरांना हात नाकारला तर दोन वर्षं बंदी. तुमच्या त्या प्रकारानंतरच घातलं. आम्ही आपसांत त्याला तुफान कलम म्हणतो."

आणि हसले. कौतुकानं!

म्हणजे मी एकदा हात मागे घेतला, आणि ह्यांनी त्याचा पुढच्या सगळ्यांसाठी फास करून ठेवला. माझ्याच नावाचा. आणि वर मी माझ्याच तोंडानं त्या पोरीला पकडून दिलं. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

२३ फेब्रुवारी

सभेपुढे दोन मागण्या ठेवायच्या ठरवल्या होत्या : मुलींना हॉटेलात हलवा आणि चौदावं कलम काढा. आत जाण्याआधी सचिव कानाशी लागले. दोन्ही एकदम पचायचं नाही, साहेब, एक काहीतरी मागा. मतं मोजूनच आले होते.

मी खोल्या मागितल्या.

एकमतानं मंजूर! टाळ्यासुद्धा वाजवल्या. मुली आज संध्याकाळी हॉटेलात गेल्या. सासरेबुवा गेले, ट्रॅकसूट घेऊन गेले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे त्यांनी गाद्या दिल्या आणि तुम्ही पोरगी दिलीत."

हिचं एवढंच वाईट — चुकत नाही.

२५ फेब्रुवारी

तोड काढली. तिनं हात दिला नाही तर मी तक्रारच करणार नाही. सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला कशाला त्रास, अहवाल सामना निरीक्षक देतात. निरीक्षक कोण? खजिनदारांचा मेहुणा.

१ मार्च

हॉटेलात जाऊन तिला भेटलो. समजावलं. हो, मीच. सत्ताविसावं चाललंय, म्हटलं, ह्या वयात दोन वर्षं बाहेर म्हणजे संपलीसच. तुझ्या जागेवर टपून बसलेल्या आहेत. ती ऐकत होती. मग मी म्हणालो, "एक हात दिल्यानं तुझं काय जातं?"

हे वाक्य माझं नव्हतं. मला शाळकरी वयापासून घडवलेल्या माझ्या प्रशिक्षकांचं होतं, जसंच्या तसं, तोच लाडीगोडीचा सूर. त्या दिवशी मैदानात उतरण्याआधी ते असंच म्हणाले होते आणि मी मनात म्हटलं होतं, शेळपट. पुढे ते वारले तेव्हाही मी गेलो नाही.

तिनं खोलीभर नजर फिरवली. पलंग, पडदे, टीव्ही.

"ह्या खोल्या त्यासाठीच दिल्यात का, साहेब?"

मी पडद्याची घडी सरळ करायला लागलो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "देईन हात. सगळ्याच देऊ."

काम फत्ते! सचिवांनी फोनवर अभिनंदन केलं. लिफ्टमध्ये चारी बाजूंना आरसे होते. खाली बघत उतरलो.

४ मार्च

उद्या सामना. कोट इस्त्री होऊन आला. देव करो आणि तिनं शब्द मोडो. नको, मोडू नये, दोन वर्षं जातील तिची. पण दिला हात तर मी कुठे तोंड लपवू? बायकोला म्हटलं, आजारी पडलो असं कळवू का? ती म्हणाली, आता आजारी पडायला उशीर झाला.

५ मार्च

अकराही जणींच्या हातात गोलकीपरचे ग्लोव्हज! कुणाचे ढगळ, कुणाचे फाटके, दोघींचे तर समोरच्या संघाच्या रंगाचे, त्यांच्याकडूनच मागून आणलेले. कुणी नकार दिला नाही. मान वर, डोळ्यांत डोळे, प्रत्येकीनं हात दिला आणि एकीचाही हात माझ्या हाताला लागला नाही. कप्ताननं तर दाबून मिळवला. मैदान आधी बुचकळ्यात पडलं, मग हसायला लागलं.

मेहुणा नियमावली चाळत होता. सचिव कानात म्हणाले, "ग्लोव्हजचं काही लिहिलेलं नाही, साहेब. पुढच्या सभेत घालून टाकू." आणि फोटोवाले समोर आले तसा त्यांनी हसून माझ्यापुढे हात केला.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.