धाकट्याचा गुडघा

बाबा,

मी स्कॅन सेंटरवर कामाला जातेय. धाकटा आत्ताच झोपलाय, त्याला उठवू नका.

काल त्याच्या गुडघ्याचा स्कॅन मीच काढला. लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन होईल, पुढे तो खेळेलही, पण विश्वचषकात नाही. आपला फुटबॉल संघ पहिल्यांदाच तिथवर पोचलाय, आणि आता त्याला सोडून जाणार.

निकाल डॉक्टरांनी सांगायचा असतो, आम्ही टेक्निशियननी नाही. त्यामुळे मशीनमधून बाहेर आल्यावर त्याने "काय गं ताई, जमेल ना?" असं विचारलं, तेव्हा मी "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणाले. एरवी मी "नाटकं पुरे, ऊठ" म्हणून त्याला हाकलते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग बुटाची नाडी बांधायला वाकला, पण त्याला जमेना. मी बांधून दिली.

डॉक्टरांचा फोन सकाळीच येईल. तेव्हा त्याच्याजवळ बसा. संध्याकाळी गल्लीतली मंडळी सत्काराला येणार आहेत, त्यांना तुम्हीच नको म्हणून सांगा. "संघ तर गेला ना, मी खूश आहे," असं तो म्हणेल. म्हणू द्या.

संघ पात्र ठरला त्या दिवशी तुम्ही दुकानात त्याचा फोटो लावलात. आज कुणी काही विचारलं तरी तो उतरवू नका. उद्या-परवा तो लंगडत दुकानात येईल, आणि आधी तिथेच बघेल.

मोठी